नोराबाईंचा पाव

तिसरा पावही दगड झाला तेव्हा इंदुताईंची खात्रीच पटली, म्हातारी काहीतरी लपवते आहे.

कणीक तीच, सोडा त्याच डब्यातला, ताक तर इंदुताईंनी स्वतः घुसळलेलं. तरी नोराबाईंचा पाव हलका आणि यांचा भिंतीत बसवावा असा. शिवाय कालवायला घेतलं की बाई भांडं उचलून खिडकीशी जायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. पाठ कशाला करायची?

नोराबाई आयर्लंडहून रावेतला लेकाकडे आलेल्या, उद्या परत जाणार. लेक चाकणच्या कंपनीत साहेब. आईचा पाव दर रविवारी हवा, नाही जमला तर दुसरी स्वयंपाकीण बघू, असं त्याने सांगून टाकलं होतं. तीन वर्षांचं कामाचं घर हातचं जाणार होतं.

इंदुताईंच्या संशयाला घरचाच आधार होता. काळेवाडीत शेजारच्या रुपालीने काळ्या मसाल्याची कृती मागितली, तेव्हा त्यांनी सासूबाईंची सगळी यादी सांगितली, फक्त दगडफूल गाळलं. घराण्याची कृती पुरती कोण देतं? रुपालीचा मसाला दरवर्षी फसतो. "माझ्या हातालाच चव नाही ओ ताई," म्हणते बिचारी.

आज इंदुताई हटून खिडकीशीच जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी ताक ओतलं, पीठ कसंबसं गोळा केलं, वर सुरीने फुली मारली आणि लगेच ओव्हनमध्ये. खिडकीशी फक्त उजेड होता. बाईंना कमी दिसत होतं.

मग इंदुताईंनी आपला गोळा घेतला आणि सवयीने तळहात रेटून मळायला लागल्या. बाईंनी त्यांची मनगटं धरली.

"मम्मी बोलती है, मळना नहीं," साहेब दारातून म्हणाला. "मळा तो पत्थर."

"मग आधी का नाही सांगितलं?"

साहेबाने आईला विचारलं. "बोलती है, ये तो सबको मालूम होता है."

चौथा पाव फुगला. बाईंनी अर्धा रुमालात बांधून दिला, आणि इंदुताईंना त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी त्या रुपालीच्या दारात गेल्या. पाव पुढे केला.

"मसाल्यात दगडफूल पण घालायचं असतं."

रुपालीने पावाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सांगायचं विसरला होता का, ताई?"

"नाही."

रुपालीने दार लावलं नाही, पण आत या असंही म्हटलं नाही. इंदुताई रुमाल हातात धरून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.