कोटाची फाईल

तिने दोन बोटांनी वडिलांची हनुवटी वर केली आणि मागे सरकून कॅमेरा डोळ्याला लावला.

"हलू नका, बाबा."

"मेलेलं गिऱ्हाईक बरं. हलत नाही, आणि फोटो काळा आला म्हणून भांडतही नाही."

माणूस त्याच्या पार्श्वभूमीतून अलगद कापून काढायचा, असा सराव क्लासच्या सरांनी दिला होता. वडिलांचे केस विरळ, भुरभुरीत, सरावाला उत्तम. फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ती त्या केसांच्या कडेकडेने बिंदू देत गेली. वडील तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत उभे राहिले. स्टुडिओ इतका अरुंद, की त्यांचा श्वास तिच्या मानेला लागायचा. एकच खिडकी होती, ती आजोबांनी कधीच बुजवून टाकली होती.

"क्लास सार्थकी लागला," ते म्हणाले. "आता बोर्डही तूच बनव. दुकानाच्या नावाखाली 'आणि कन्या' टाक. ठळक दिसू दे."

तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिचं क्लासमधलं काम पाहून परगावच्या एका प्रकाशकाने मुखपृष्ठं करायला बोलावलं होतं. महिनाअखेर कळवायचं होतं. तिने स्क्रीनवरचा एक बिंदू उगाच पुढे नेला, परत मागे आणला.

"रंग कुठला हवा?"

"तुझ्या आवडीचा. रोज तुलाच बघायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून ते पायरीवर टेकले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. तो कोण करणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तिने सरावासाठी काढलेला तोच फोटो उघडला. वडिलांची धाकटी बहीण स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली.

"ती कॉलर बघ, कशी चुरगळलीय. कोट घाल त्याला. जन्मभर लोकांना घातला."

स्टुडिओत तशी रीतच होती. गेलेल्या माणसाचा बरा फोटो सहसा कुणाकडे नसे. कुणी ओळखपत्र आणी, कुणी लग्नाच्या घोळक्यातला चेहरा. वडील तेवढा चेहरा कापून फाईलमधल्या तयार कोटावर बसवत. आसपासच्या कितीतरी भिंतींवर डोकी निरनिराळी होती, खांदे तेच. शिकताना तिनेही त्यावर चेहरे चढवले होते. खांदे कुणाचे, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

तिने कोटाची फाईल उघडली. वडिलांचा चेहरा आणून ठेवला, थोडा लहान केला. नेहमी मानेपाशीच खरी झटापट व्हायची. या वेळी मान कॉलरीत आपसूक बसली.

तिचा हात थांबला. फाईलमध्ये एकावर एक रचलेल्या चित्रांच्या थरांची यादी होती, तिच्या अगदी तळाशी एक थर लपवून ठेवलेला होता. तिने त्यापुढचं डोळ्याचं चिन्ह चालू केलं आणि वरचा चेहरा बंद केला.

कोटात एक तरुण होता. केस चापून बसवलेले, हनुवटी जरा जास्तच वर.

"अगं बाई, दादा," आत्या पुढे वाकली. "कोट मित्राचा होता. परगावच्या नोकरीसाठी काढला होता हा फोटो. नोकरी मिळालीही होती."

"मग?"

"मग काय. आमचे आबा, तुझे आजोबा, म्हणाले, दुकान कोण बघणार. हा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सकाळी उठून शटर उघडलंन." आत्याने पदराने चष्मा पुसला. "चहा टाकते. तू उरक."

ती दोन्ही चेहरे आळीपाळीने चालू-बंद करत राहिली. शेवटी तरुण चेहरा तसाच ठेवला. बाहेर निघण्याआधी कुणीतरी क्षणभर थांबवल्यासारखा तो समोर बघत होता. हलत नव्हता.

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. बंद खोलीत तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मला दुकान नकोय. मला जायचंय."