उभ्या माणसाचं माप

“माप घेताना गिऱ्हाइकाला बसू द्यायचं नाही. उभं करायचं. बसलेल्या माणसाचं माप खोटं येतं, आणि मग कापडाला नावं ठेवून उपयोग नसतो.”

अठरा वर्षांपूर्वी नव्या सुनेच्या गळ्यात टेप अडकवताना सासूने हे सांगितलं होतं. सासूला सगळी गल्ली टेपबाई म्हणे. देवाचं नाव घेतल्याशिवाय ती सकाळी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवत नसे, आणि एकदा ठेवला की दुपारपर्यंत काढत नसे. नवरा गेल्यावर या शिवणावरच तिने मुलाला वाढवलं आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं.

आता दुकान मुलगा आणि सून चालवत होते. टेपबाई मागच्या खोलीत होती आणि त्या खोलीला बाहेरून कडी होती.

त्या बुधवारी सकाळी सुनेचं कामात लक्ष नव्हतं. शाळांचे गणवेश उरकायचे होते. पण दोनदा दोरा तुटला, एक बाही उलटी लागली. ती उसवायला घ्यावी आणि मध्येच उठून आतल्या दाराकडे बघावं, असं चाललं होतं. नवरा नुकताच फोन ठेवून आला होता. त्याने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळवलं होतं की काल पाठीतून पाणी काढूनही आईत काहीच फरक नाही. मग लगेच दुसरा फोन लावून शुक्रवारची गाडी ठरवली होती. शहराबाहेर एक संस्था होती. असली माणसं तिथे ठेवून घेत.

“वय झालं तिचं,” तो म्हणाला. “आपण तरी काय करणार?”

दोन वर्षं घरात हेच चाललं होतं. आधी टेपबाईचे पाय जड झाले. उठली की पाऊल सुटेच ना, जणू कुणी फरशीला चिकटवून ठेवलंय. मग अर्ध्या वितीची पावलं टाकत, सर्र सर्र घासत ती चाले. समोरचा गिरणीवाला हसून म्हणायचा, म्हातारीच्या तळव्यांना खळ लागलीय. सगळे म्हणाले, वय झालं. मग मोरीपर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होऊ लागले. वय झालं. मग ती माणसं विसरू लागली. वय झालं. या दोन शब्दांनी घरातल्यांची सुटका होत होती, आणि त्यात सूनही होती.

एकदा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांदेखत टेपबाईचे कपडे ओले झाले. एक बाई नाकाला रुमाल लावून निघून गेली. त्या संध्याकाळी मुलाने कडी बसवली. दुपारनंतर आईला अर्धा पेलाच पाणी द्यायचं, असंही ठरवून टाकलं. सुनेला ते पटलं नव्हतं. पण रोज सकाळी कपडे बदलून बाहेर येताना कडी तिच्याच हाताने लागत होती.

दोन आठवड्यांपूर्वी दार वाजवलं ते एका पांढऱ्या कोटाने. याच डॉक्टरीणबाई कोट आखूड करायला आल्या होत्या. सून खांद्याचं माप घेत होती तेवढ्यात आतून सर्र सर्र आवाज आला, आणि त्या वळल्या. कोण चालतंय, किती दिवस असं चालतंय, लघवीचं काय, विसरतात का, सगळं त्यांनी अंगावर टाचण्या असतानाच विचारून घेतलं. त्या आठवड्यात डोक्याचा फोटो काढून झाला. मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगल्या होत्या. हे पाणी प्रत्येकाच्या डोक्यात असतं, रोज नवं होतं आणि जुनं शोषलं जातं, असं त्यांनी समजावलं. टेपबाईच्या डोक्यात वाट कुठे अडली नव्हती, पण शोषण मंद झालं होतं, आणि साठलेलं पाणी शेजारच्या नसांवर भार टाकत होतं. पाय, लघवी, विसरणं, तिन्हींचं मूळ तिथे असू शकत होतं. खात्रीसाठी पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढायचं, आधी आणि नंतर चालवून बघायचं. पावलं सुधारली तर नळी घालून उपयोग होण्याची आशा जास्त.

ती चाचणी काल, मंगळवारी झाली. सून गणवेश पोचवायला शाळेत गेली होती, म्हणून मुलगा आईबरोबर गेला. दुकान बंद ठेवून आलोय, असं सांगून तो दुसऱ्या चालण्यासाठी थांबलाच नाही. संध्याकाळी सून परतली तेव्हा कडी लागलेली होती. “झोपवून ठेवायला सांगितलंय,” एवढंच तो म्हणाला.

आज सकाळी टेपबाईची चादर कोरडी होती. सुनेला वाटलं, पाणीच कमी मिळालं असेल. आता ती कोरडी चादर तिला टोचू लागली. तिने कात्री उचलली. खाली दवाखान्याचा कागद होता. त्यावर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘एक तास आडवं ठेवा. मग सोबत राहून चालवा. पावलं मोजून कळवा.’

ती वाचत असतानाच आतून आवाज आला. टप. टप. टप. घासणं नव्हतं, पाय उचलला जात होता.

सुनेने कडी काढली. टेपबाई दारापाशी उभी होती. एक हात भिंतीला, पण पाठ सरळ.

“बाहेरून का लावतेस गं दार?” तिने विचारलं. ओळखून विचारलं. “मी काय चोरी केली?”

सुनेने दार पूर्ण उघडलं. ती म्हणाली, “आई, जरा चालता?”

“आधी पाणी दे. तुझा नवरा मला मोजून पाणी देतो. कापडसुद्धा इतकं मोजत नाही.”

दोन पेले पाणी पिऊन टेपबाई चालली. सुनेने बेतायचा खाकी कागद फरशीवर पसरला, तिला कोपराशी धरून त्यावरून नेलं, आणि प्रत्येक टाचेशी खडूची रेघ मारली. गेल्या आठवड्यात तिने मोजलं तेव्हा हीच खोली ओलांडायला एकतीस पावलं लागली होती. आज तेरा. तिने रेघांमधल्या अंतराला टेप लावला, पुन्हा लावला. आकडा तोच येत होता. मग तिने कागद गुंडाळला, सासूला चपला घातल्या आणि तिला धरून पुढच्या खोलीत आणलं.

तीन गिऱ्हाइकं बसली होती. नवऱ्याचा चेहरा उतरला. “मागच्या दाराने ने,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“नाही. पुढच्याच.”

“लोक बसलेत.”

“बसू देत. यातल्या दोघांची मापं आईंनीच घेतलीत.”

“मी डॉक्टरांना कळवलंय ना, फरक नाही म्हणून.”

“चालवून बघितलंत?”

“झोपवायला सांगितलं होतं.”

“एक तास.” तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. “झोपलेल्या माणसाचं कसलं माप कळवलंत तुम्ही? शुक्रवारची गाडी नको म्हणून सांगा. आई कुठेही जाणार नाहीत. आणि आजपासून ती कडी मी लावणार नाही. तुम्हीही लावायची नाही.”

आवाज चढला नव्हता, म्हणूनच कदाचित तो बाजूला झाला.

गल्लीत आल्यावर टेपबाई थबकली. समोरच्या घराची वरची खिडकी तिने न्याहाळली. तिथे म्हातारे मास्तर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना पाढे विचारत.

“मास्तर दिसत नाहीत?”

“आत असतात हल्ली.”

“आत म्हणजे?”

पण विचारता विचारताच टेपबाईला कळलं. आत म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? “मी धड झाले,” ती हळूच म्हणाली, “तर आधी त्यांच्याकडे जाईन. लक्षात ठेव, मी विसरते.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खाकी कागद टेबलावर उलगडला, टेपबाईला स्वतः पुन्हा चालवलं आणि तो कागद फाइलीला लावून घेतला. त्यांनी खोटा धीर दिला नाही. पाय बहुधा परत येतील, आठवण किती येईल ते सांगता येत नाही. दोन वर्षं उशीर झालाय. पुढच्या महिन्यात डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी गेली, कानामागे झडप बसली, आणि जास्तीचं पाणी पोटात उतरून जिरू लागलं.

पावसाळा सरेपर्यंत टेपबाई काठी घेऊन घरभर हिंडू लागली. चादर क्वचितच भिजे. सकाळी ती मशीनपाशी उभी राहून देवाचं नाव घेई, पण मशीनवर बसत नसे. कॉलर कशी कापायची, ते तिला आठवत नव्हतं. दोन-तीनदा तिने कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि घडी घालून ठेवलं. ती दोन वर्षं ‘वय झालं’ म्हणण्यात गेली होती. मुलाने एका दुपारी कडी उचकटून काढली. दाराला चार भोकं राहिली. ती त्याने बुजवली नाहीत.

एके सकाळी सून काज करत होती. टेपबाईने खुंटीवरचा टेप काढून गळ्यात घातला.

“कुठे निघालात, आई?”

“तूच सांग. कुणाकडे तरी जायचं कबूल केलं होतं ना मी?”

सुनेने सुई कापडात टोचून ठेवली. “मास्तरांकडे.”

“त्यांच्या डोक्यात पाणी असेल?”

“डॉक्टरीणबाई म्हणतात, दर वेळी तेच नसतं. दुसरंही काही असेल.”

“असू दे. पण त्यांना उभं करून कुणी बघितलंय का?”

सून उठली. तिने खडू घेतला, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली. टेपबाईने उंबऱ्यावर क्षणभर डोळे मिटले, मग काठी बाहेर टेकवली, आणि एकेक पाऊल पुरतं उचलत ती गल्ली ओलांडू लागली.