गार पडलेल्या पिल्लाची खूण

मी एक टॅग आहे, आणि वयाने आता जुनाच म्हणायचा. मित्रांनो, सदऱ्याच्या कॉलरला लटकून मान टोचणाऱ्या टॅगशी माझे काही नाते नाही. मी वेबपानावरच्या मजकुराला लावलेली शब्दांची खूण. माझे शब्द आहेत ‘गार पडलेले पिल्लू’. ते कोणी शोधले, की मी त्याला थेट माझ्या परिच्छेदापाशी आणून सोडतो.

मला लावले जनावरांच्या एका डॉक्टरबाईंनी. मांजरीच्या पिल्लांवर त्यांनी लांबलचक पान लिहिले होते. पहिला परिच्छेद दुधाचा, माझा बराच खाली. पिल्लू गार पडले असेल तर आधी ऊब द्या, अंग गरम होईपर्यंत दूध पाजू नका, नाहीतर ते दगावेल, असे त्यात लिहिले होते. मला लावताना बाई म्हणाल्या, “इथून हलायचं नाही बरं का!” मला केवढा अभिमान वाटला!

पुढे पानाची देखभाल त्यांच्या दिरांकडे आली. माणूस प्रेमळ, पण उत्साह उतू जाणारा. त्यांनी सगळे टॅग उचलून पानाच्या माथ्यावर लावले.

“वहिनी, पाटी दारावर हवी. आतल्या कपाटावरची कोण बघतंय?”

पानावर गर्दी वाढली, दिरांचे कौतुक झाले. पण माझ्या शब्दांनी येणारा माणूस आता वरच, दुधाच्या परिच्छेदापाशी थांबू लागला. माझा जीव तुटायचा, पण टॅगला कुठले हातपाय?

एके दुपारी पानाखाली एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचा प्रश्न उमटला. “मशीनखाली पिल्लू सापडलंय. अगदी गार पडलंय. वर लिहिलंय तसं दूध कोमट केलंय. पाजू ना?”

डॉक्टरबाईंनी तपासायला घेतलेला कुत्रा दिरांच्या हाती दिला आणि भराभर लिहिले, “थांबा! दूध अजिबात नको. आधी कापडात गुंडाळून छातीशी धरा.”

उत्तर येईना. दिरांच्या तोंडचे पाणी पळाले. बऱ्याच वेळाने ताईंनी लिहिले, “धरलंय. आता ओरडायला लागलंय हो!”

बाई दिरांकडे वळल्या. “भाऊजी, दारापर्यंत आणलंत लोकांना. आत कुठे जायचं, ते कोण सांगणार?”

दिरांनी लगेच मला माझ्या परिच्छेदाला परत लावले.

मी घरी आलो, पण मला आनंद होईना. ताईंनी विचारले म्हणून ते पिल्लू वाचले. त्याआधी माझ्याच शब्दांनी आलेल्या कितीजणांनी काही न विचारता दूध पाजले असेल! त्यांच्या पिल्लांचे काय झाले, हे मला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशी पाने लिहाल. आम्हा टॅगांना शोभेसाठी माथ्यावर टांगू नका. आम्ही ज्या ओळींचे, त्या ओळींपाशीच आम्हाला राहू द्या. तिथे पोहोचायची कुणाला तरी घाई असते, आणि त्याच्या ओंजळीत एक इवलासा जीव असतो.