गोधडीतली खिचडी

शिरवणे गावात सुमित्राबाईंच्या इमारतीत वरद आणि त्याची बायको नमिता भाड्याने राहायला आले आणि वर्षाच्या आतच वरदच्या वडिलांना, श्यामसुंदररावांना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. समजायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन अडकायचा.

"सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा कुणीतरी शेजारी बसून त्यांना बोलतं करा," स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं. पण वरद तुर्भ्याला पहिल्या पाळीला जायचा आणि नमिता ऑफिसला निघेपर्यंत शेगडीपाशी अडकलेली. गॅसवर ठेवलेलं सोडून हलता येत नसे. बाबांशी बोलणं व्हायचं ते स्वयंपाकघरातूनच. ते उत्तरासाठी तोंड उघडायचे, तोवर इकडे दूध वर आलेलं असायचं.

एका सकाळी खिचडीला उकळी येते न येते तोच सिलिंडर संपला. दुसरा आलेला नव्हता. नमिता टोप घेऊन खाली सुमित्राबाईंकडे गेली.

"मावशी, जरा तुमच्या गॅसवर शिजवू का?"

"इचारतेस काय बाय, ठेव ना."

खिचडी चांगली खदखदली तशी सुमित्राबाईंनी झाकण घट्ट लावलं आणि गॅस बंद केला. आतून जुनी गोधडी आणून टोप तिच्यात गुंडाळला.

"मावशी, कच्ची आहे अजून."

"शिजंल आपसूक. आमी शेतान भाताच्या लावनीला जायचो, तवा कोन बसनार चुलीजवल? उकलला का गोनपाटान गुंडालून ठेवायचो. दुपारी येऊन जेवायचो. जा तू, तासाभरानी उघड."

वर येऊन गोधडीचं गाठोडं आपल्या ओट्यावर ठेवून नमिता उभी राहिली. ढवळायचं नव्हतं, शिट्ट्या ऐकायच्या नव्हत्या. काय करावं हे तिला क्षणभर सुचेना. मग ती बाहेर जाऊन बाबांच्या शेजारी बसली.

"बाबा, हे काय?" तिने पेला उचलून दाखवला. ते बघत राहिले. ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिने घाई केली नाही. घाई करण्यासारखं काही नव्हतंच.

खिचडी मऊसूत शिजली होती. त्या दिवसापासून गोधडी तिच्या स्वयंपाकघरात आली. डाळ रात्रीच भिजायला लागली, भात आणि उसळी गोधडीत जाऊ लागल्या. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून सुमित्राबाई लादी पुसायच्या. तेही तिने उचललं, आणि पहाटे नळाखाली बादली भरत उभं राहणं गेलं. सिलिंडर जास्त दिवस पुरतोय हे वरदच्या लक्षात आलं. तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की सकाळ आता बाबांची झाली होती.

फार हळू चाललं होतं. कधी नुसता "प" यायचा, कधी काहीच नाही. चिडून ते तोंड फिरवायचे. ती तिथेच बसून राहायची.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. पहिला घास घेऊन ते थांबले. तिच्याकडे बघून त्यांनी श्वास ओढला आणि म्हणाले, "मीठ."

नमिताने चव घेतली. ती मीठ घालायलाच विसरली होती. ती हसायला लागली, हसता हसता रडली, आणि तशीच खाली धावली.

"मावशी, बाबा बोलले. तुमच्यामुळे बोलले."

"माजा काय त्यान? बसलीस तू," सुमित्राबाई म्हणाल्या. पण पदराने डोळे टिपत त्या लगेच वर आल्या.

त्यांना दारात बघून श्यामसुंदरराव उठून उभे राहिले. हात जोडून त्यांनी शब्द जुळवायला घेतला. "आ... आभ..." पुढे जमेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," सुमित्राबाई त्यांच्या समोर बसत म्हणाल्या, "समजला मना."