सगुणच्या पिकअपमधला राखणदार

सकाळचे नऊ वाजले होते आणि धारगळच्या वाडीत सगुणच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळशीकडे कोणाचे लक्ष नव्हते. सगळ्यांचे हात जोडलेले होते ते भाजी वाहणाऱ्या एका जुन्या पिकअपपुढे. बॉनेटवर झेंडूचे हार, आरशाला लिंबू-मिरची आणि पुढच्या चाकाशी नव्याकोऱ्या चामड्याच्या वहाणांचे सात जोड.

इंजीन बंद होते. स्टिअरिंगवर बसला होता कृष्णनाथ, आता कृष्णनाथ महाराज. त्याने डोळे मिटून विचारले, "देवा राखणदारा, चंद्रावतीच्या झिलाक नोकरी मेळतली?"

आणि स्टिअरिंग हळूच उजवीकडे फिरवले. कर्रऽऽ!

"मेळतली म्हणता देव!" गर्दी शहारली. मुलाला नोकरी मिळणार म्हणून चंद्रावतीने पदर डोळ्यांना लावला.

मग बाबली पुढे आला. त्याची म्हैस गाभण आहे का, एवढेच त्याला हवे होते. महाराजांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले. गाडी गप्प.

"देव विचार करता. नारळ हाड."

बाबलीने नारळ आणला, स्टिअरिंग उजवीकडे वळले आणि म्हैस गाभण ठरली.

हे सगळे तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाले. वळणावर पिकअप करकरू लागली. राखणदाराला वहाणा वाहण्याची या भागातली जुनी रीत. देव रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. आणि नवी वहाण करकरते ती अगदी अशीच! डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथने तो आवाज ऐकला आणि जागच्या जागी सगुणच्या पाया पडला. "तुझ्या गाडयेवांगडा देव चलता रे!" देव आपल्या गाडीसोबत चालतो, हे ऐकून सगुण बिचारा विरघळलाच. पुढचे सगळे कृष्णनाथने केले.

सगुणची बायको विनोदिनी मात्र हात न जोडता दारातून हे बघत होती. रोज पहाटे सगुणच्या शेजारी बसून ती भाजी घेऊन डिचोलीला जायची. देव सरळ रस्त्यावर कधीच बोलत नाही, फक्त वळणावर आणि गतिरोधकावर बोलतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखले होते. आणि येत्या रविवारी याच पिकअपमधून वाडीतली तेरा पोरे घुमट-आरतीच्या, म्हणजे घुमट हे मातीचे वाद्य वाजवत आरत्या म्हणायच्या, स्पर्धेला साखळीला जायची होती. त्यात तिची मुलगी सेजलही होती.

"गाडी एकदा गॅरेजीत दाखवया," ती नवऱ्याला म्हणाली.

"पानो लावलो तर देव उठान जातलो, म्हाराजान सांगलां. आणि देव वांगडा असताना तुका भंय कसला?"

म्हणून विनोदिनीने शनिवारी दुपारी, सगुण जेवून घोरत असताना, हमरस्त्यावरच्या गॅरेजवाल्या भैरू मेस्त्रीला बोलावून घेतले. भैरू मूळचा कोल्हापूरकडचा, धारगळला येऊन त्याला दहा वर्षे झाली होती.

"वहिनी, तुमी स्टेरिंग हळू हळू हलवा. मी हात लावून बघतो."

तो चाकाआड आडवा झाला. एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेला. टाय रॉडचे टोक गप्प. वरचा जॉइंट गप्प. मग म्हणाला, "हां, हितं हाय! या, तुमीच बघा."

आता भैरू स्टिअरिंगवर आणि विनोदिनी जमिनीवर. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या बॉल जॉइंटवर तिने बोटे टेकवली आणि बोटांखाली कर्रकन थरथर उमटली. देव असा हाताला लागेल असे तिला वाटले नव्हते.

"वरचं रबर फाटलंय, पाणी-माती आत गेली, ग्रीस वाळलं. लोखंडावर लोखंड घासतंय. आमच्याकडं नवी चप्पल बी अशीच वाजती. तेल पाजलं की गप्प." मग त्याने जॅक लावला, चाकाखाली पहार घालून उचकटले. चाक बोटभर हलले आणि भैरूचे हसू गेले. "वहिनी, हे झिजलंय बी. निसटलं तर चाक आडवं पडंल. पोरं बसवू नका."

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. त्याचा विश्वास फक्त त्या आवाजावर होता. "मगे आवाजच बंद करूया," विनोदिनी म्हणाली.

भैरूने फाटलेल्या रबरातून ग्रीस भरले. "हे औषध नव्हं बरं का. नुसतं तोंड बंद केलंय. जॉइंट बदलायलाच पायजे."

संध्याकाळी पुन्हा गर्दी जमली. पोरांच्या साखळीवारीचा कौल घ्यायचा होता. महाराजांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. शांतता. आणखी फिरवले. शांतता. पार टोकापर्यंत नेले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"देव रुसलो! वाडीत कोणीतरी पाप केलां!"

"पाप माझां," विनोदिनी म्हणाली. "मी देवाक ग्रीस पाजलंय."

तिने थांबवून ठेवलेल्या भैरूने पुढे येऊन जॅकवर चाक उचलले, पहार घातली आणि चाक सगळ्यांदेखत हलवून दाखवले. महाराज गरजले, "ही देवाची वाणी! मेस्त्र्याक ती काय कळतली?"

विनोदिनी बाजारात बसून खाणीवरच्या ट्रकवाल्यांची बोलणी वर्षानुवर्षे ऐकत आली होती. देवाबद्दल काहीही बोला, ते ऐकून घेतात. गाडीबद्दल चुकीचे बोललेले त्यांना सोसत नाही. आणि खाणी बंद होईपर्यंत कृष्णनाथ काय चालवत होता, हे तिला ठाऊक होते. ती गर्दीकडे वळून ठसक्यात म्हणाली, "हो बघा, वरचो बॉल जॉइंट गेलो."

"वरचो न्हय गो, खालचो!" कृष्णनाथ उसळला. "वीस वर्सां ट्रक चलयलंय मी, आवाजावरसून सांगतंय..."

आणि त्याने जीभ चावली.

कोणी हसले नाही. सगुण उठला आणि पिकअपच्या दाराशी गेला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "तुका ठावक होतां? पयल्या दिसापासून? माझी सेजल बसतली होती रे ह्या गाडयेत."

कृष्णनाथ दुसऱ्या दाराने उतरला आणि माणसांतून वाट काढत निघून गेला. पाया पडायला कोणी वाकले नाही.

सगुणने स्वतःच्या हाताने हार काढले. वहाणा ज्याच्या त्याला परत गेल्या. बाबली तेवढा घुटमळत राहिला. "मगे माझी म्हस गाभण आसा की नाय?"

"ढोरांच्या डॉक्टराक विचार," चंद्रावती फणकारली. तिलाही झिलाच्या नोकरीचे आता नव्याने बघायचे होते.

रविवारी पोरे बसने साखळीला गेली. सोमवारी भैरूने नवा जॉइंट बसवला आणि जुना सगुणच्या हातात दिला. सगुण तो कितीतरी वेळ फिरवून बघत होता. एवढ्याशा लोखंडी गोळीपुढे आपण तीन आठवडे कापूर लावला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

वाडीतल्या बायका विनोदिनीला विचारतात, तुझा देवावर विश्वास नाही का? ती भाजीची टोपली पिकअपमध्ये चढवत म्हणते, "हात जोडूक माझी ना नाय गो. पण आवाज इलो तर आधी हात लावून बघा, खंयसून येता तो."