सोळा मोजेपर्यंत

टण्ण!

सिंकच्या काठावर ठेवलेला चमचा घसरून ताटात पडला आणि सगळं घर श्वास रोखून थांबलं. बाळाने झोपेतच एक हात उडवला, ओठ चोखल्यासारखे केले आणि पुन्हा मूठ गालाखाली घेतली. आईचा जीव भांड्यात पडला. दुपारचा हा तासच काय तो तिचा स्वतःचा. कामाच्या मधल्या सुट्टीत घरी येऊन चार घास पोटात ढकलायचे, बाळाला निजवायचं आणि मग जेवणाच्या टेबलावर वही उघडायची. गाण्याचं दुसरं कडवं तीन दिवस एका ओळीवर अडून बसलं होतं. आता कुठे ती ओळ जरा हलायला लागली होती.

"आई, चमच्याचा आवाज मला काढता येतो," समोर चित्र रंगवणारी सात वर्षांची लेक म्हणाली. "ऐक हं. टण्णऽऽऽ!"

बाळाने भोकाड पसरलं.

"झालं! उठवलंस ना?"

"मी नाही, चमच्याने उठवलं."

"चमचा पडून पाच मिनिटं झाली!"

"मग त्याला उशिरा ऐकू आलं असेल."

या पोरीला तिचा बाप लाडाने 'भोंगा' म्हणायचा. तो हॉस्पिटलची अॅम्ब्युलन्स चालवायचा. "गाडीचा भोंगा बिघडला तर चिंता नाही, हिला टपावर बसवीन," असं ज्याला त्याला सांगायचा. भोंगाला त्याचा अभिमान होता. आवाज मोठा होता आणि मनापासून होता. फक्त सुरात नव्हता. सगळे जिथे असतील, त्याच्या चिमूटभर खाली तिचा सूर असायचा. नेहमी तेवढाच. खाली असायचा, पण तसूभरही हलायचा नाही.

आणि आईच्या मनाला तेच तर लागलं होतं. कारण आईच मुलांचं गाणं बसवत होती.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या मशीनवर होती. दिवसाला चारशे चादरी. तिथल्या बायकांची, स्वयंपाकघरातल्यांची, वॉर्डात झाडलोट करणाऱ्यांची मुलं शाळा सुटली की आईबापांची पाळी संपेपर्यंत चादरी वाळवायच्या खोलीत ताटकळत बसायची आणि टोपल्यांवरून मारामाऱ्या करायची. त्यांची तोंडं बंद ठेवायला म्हणून तिने एकदा त्यांना तोंडं उघडायला शिकवलं. ते गाणं हवेच्या नळीतून थेट तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिथल्या पेशंटांनी निरोप पाठवला, खालचा रेडिओ जरा मोठा करा. तेव्हापासून रोज चार ते पाच, ओल्या चादरींच्या मधोमध, बावीस मुलं दोन ओळींत उभी राहायची. पट्टी द्यायला एक जुना कीबोर्ड होता. त्याची निम्मी बटणं मुकी होती, पण हवं ते बोलत होतं.

यंदा हॉस्पिटलला पन्नास वर्षं झाली. मोठ्या मेट्रनबाई स्वतः खाली लाँड्रीत आल्या, घाम पुसत म्हणाल्या, "कार्यक्रमात तुमची मुलं गातील. पुढच्या हॉलमध्ये." लाँड्रीतलं कुणीही इतक्या वर्षांत पुढच्या दाराने आत आलेलं नव्हतं. नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पायांनाच तो पाठ होता.

गाणं तिने त्याच दाराचं केलं.

*दार जरासे उघडे ठेवा, मागे कुणी येत आहे,*
*त्याच्या हाती दिवा नाही, आपल्या हाती आहे.*

पहिल्या कडव्याचं शेवटचं 'आहे' सोळा मात्रा लांबवायचं होतं. एवढा दम कुठल्याच मुलाला पुरत नाही. म्हणून तिने मुलांना चोरून श्वास घ्यायला शिकवलं. शेजारचा घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही. एक जण थांबला की बाकीचे त्याचा सूर धरून ठेवतात, तो हळूच परत येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणी थांबलंच नव्हतं. मुलांना ही चोरी भलतीच आवडली.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना आचाऱ्याची मुलगी तिच्याकडे आली. बावीस जणांत सगळ्यांत पक्क्या कानाची हीच. "ताई, रागावू नका. पण भोंगाशेजारी उभं राहिलं की माझाही सूर घसरतो."

चादरींची गाठोडी मोजणारे मुकादमही कानाशी येऊन कुजबुजले, "ताई, पोर गुणाची आहे हो. पण उद्या कुणी म्हणायला नको, घरचं माणूस म्हणून चालवून घेतलं."

हे मात्र तिला झोंबलं. चार दिवस तिने मुलीला एकटीला घेऊन बसून पाहिलं. वर, अजून वर, थोडंसं वर. पोर भुवया वर चढवायची, टाचा वर उचलायची. सूर जागचा हलायचा नाही.

शेवटी कार्यक्रमाच्या सकाळी, मुलीच्या कॉलरला इस्त्री करता करता, तिच्याकडे न बघता आई म्हणाली, "हे बघ, आज तू फक्त ओठ हलव."

"आवाज नाही काढायचा?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"मनात गा. मनात मोज."

मुलीने दोन्ही ओठ मिटून बघितले. मग म्हणाली, "बरं."

रडली असती, पाय आपटले असते, तर बरं झालं असतं. इस्त्री कॉलरवर जरा जास्तच वेळ राहिली.

अकरा वाजता पुढचा हॉल भरला. डॉक्टर, चाकांच्या खुर्च्यांतले पेशंट, पाहुणे. लाँड्रीची माणसं सवयीने भिंतीला चिकटून उभी राहिली होती. मेट्रनबाईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. मुकादम आज कडक इस्त्रीत, मान अवघडून बसले होते. मागे बाळाला खांद्यावर घेऊन त्याचा बाप उभा होता.

आईने कीबोर्डवर पट्टीसाठी काळी दोन दाबली आणि हात वर केला.

मुलं गायला लागली आणि हॉलच्या काचा जणू पुसून निघाल्या. उच्चार स्वच्छ, माना ताठ. दुसऱ्या ओळीत भोंगाचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. आईने तिकडे बघायचं टाळलं. कडव्याचं शेवटचं 'आहे' आलं, लांबलं. पाच, सहा, सात. चोरटे श्वास जिथल्या तिथे पडत होते. दहा, अकरा...

फाडकन टाळी वाजली. मुकादमांचा ऊर इतका भरून आला होता की त्यांना दम निघाला नाही. त्यांचं बघून दोन-चार जणांनी वाजवल्या. मुलांना वाटलं, सोळा मात्रा संपल्या. सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला आणि जे व्हायला नको तेच झालं. सूर तुटला. आईचा हात हवेत तसाच राहिला.

त्या शांततेत एक आवाज उठला. मोठा, भोंग्यासारखा सरळ आणि चिमूटभर खाली. 'आऽहेऽऽ'. बारा. तेरा.

एकवीस मुलांनी आईकडे बघितलं. मूठ मिटली की थांबायचं, हे त्यांना पाठ होतं. मिटायची तेवढी बाकी होती. कुणाला कळलंही नसतं, पोरीची चूक म्हणून हसण्यावारी गेलं असतं. तिने मूठ मिटली नाही. दुसरा हातही वर केला, आचाऱ्याच्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन्ही हात भोंगाकडे वळवले. हिच्याबरोबर.

आचाऱ्याच्या मुलीने क्षणभर कान दिला. मग आपला सुरेख, पक्का सूर तिने जिना उतरावा तसा एक पायरी खाली आणला आणि भोंगाच्या सुराशेजारी ठेवला. तिच्यामागून तिसरी आली, चौथा आला. चौदा, पंधरा, सोळा. सगळे आवाज एका जागी उभे होते आणि त्या जागेवर एकही आवाज बेसूर नव्हता. दुसरं कडवं काळी दोन सोडून तिच्या लगत खालच्या पांढरी दोनमध्ये गायलं गेलं. हॉलमध्ये कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुकादम मात्र हात मांडीखाली दाबून बसले होते. "ताई, आता संपलं ना? नक्की?" त्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावरच हात बाहेर काढले.

"टपावर बसवीन म्हणत होतो ते उगाच नाही," मुलीचा बाप येईल त्याला सांगत सुटला होता. बाळाने त्याच्या खांद्यावर ओकारी काढली होती, याचा त्याला पत्ता नव्हता. आणि आई? कौतुक करणारा प्रत्येक जण गाण्याबद्दल बोलत होता. ती मात्र मान उंचावून एकच वाक्य म्हणत होती, "ती माझी मुलगी. तो आवाज माझ्या मुलीचा."

गर्दी पांगल्यावर ती मुलीपुढे गुडघ्यांवर बसली. "संपलं नाही हे तुला कसं गं कळलं?"

"मी मोजत होते ना. मला दुसरं काम कुठे होतं?"

"चुकलं माझं, राणी. तुला गप्प राहायला सांगायला नको होतं."

"चालतंय," मुलगी मोठ्या मनाने म्हणाली आणि सुटलेली बुटाची नाडी पुढे केली. आई ती बांधत असताना तिने हॉलच्या पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे वॉर्डातल्या मावशींची लहानखुरी मुलगी आपल्या आईच्या पदराआड उभी होती.

"आई, ती माझ्या डाव्या हाताला असते ना? ती पण नुसते ओठ हलवते. आजच नाही, रोज. मला शेजारून कधीच काही ऐकू येत नाही. तिला पण तूच सांगितलंस?"

"नाही गं. मी तिला कधीच काही सांगितलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"