आपली आपण पडणारी कडी

"स्वयंपाकघरात गेलीस तर दाराला पाट लाव. ती बाहेरची कडी आपली आपण पडते," असं बाबांनी बजावलं होतं. पूर्णिमाने ते हसण्यावारी नेलं. कसबा पेठेतल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या सोडल्या तेव्हा बाबांना मिसरूडही फुटलं नव्हतं. इतक्या वर्षांत कडी काय, दारसुद्धा बदललं असेल.

एरवी ती असल्या सूचना टाळणाऱ्यांतली नव्हे. तिच्या अडीच वर्षांच्या मुलाला, सोनूला, दम्याचा त्रास, त्यामुळे कुठेही गेली की आधी धूळ बघायची, मग माणसं. त्याचा पंप पर्समध्ये कायम. नेमकी पणजोबांची जागा बघायला गेली त्या दिवशी ती पर्स बाहेरच्या खोलीत खुर्चीवर राहिली.

तिथे आता हुस्नबानू एकट्या राहतात. नवरा वारला, मुलगा बेंगळुरूला. त्यांनी पूर्णिमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घर बघायला आलीस? बघ. तिकीट नाही."

"चाची, माझे पणजोबा इथे राहायचे."

"त्यांची चूल मी फोडली. फार धूर करायची. चहा घेतेस ना?"

चहासाठी तिघंही आत गेली. सोनूने घरी ढकलतो तसं आपल्यामागे स्वयंपाकघराचं दार ढकललं. ते आपटलं, पलीकडे खण्णकन आवाज झाला. पूर्णिमाने जोर लावला, दार हलेना.

"पडली," हुस्नबानू म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"बाहेर कोण आहे?"

"कोण असणार? मागच्या खेपेला शेजारची मंतशा डबा द्यायला आली म्हणून सुटले. आता तीही लग्न होऊन सोलापूरला गेली."

"ती आली नसती तर?"

"तर तुला घर दाखवायला मी नसते. बस."

पूर्णिमा बसली नाही. तिने हाका मारल्या. बोळात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, त्यात त्या विरल्या. सोनू खोकला. मग लागोपाठ खोकायला लागला. पंप दाराच्या पलीकडे, फोनही पलीकडे.

तिने चौकट चाचपली. डोक्याच्या उंचीवर, दाराच्या फटीशी लाकूड वीतभर झिजलेलं होतं आणि त्यात काहीतरी पिवळट भरलेलं.

"हे काय?"

"साबण. झुरळं येतात. उंदरांनी कुरतडलंय ते."

उंदीर इतकं सरळ कुरतडत नाहीत. तिने चमच्याच्या दांडीने साबण खरवडला, फडताळावरचं उलथणं फटीत घातलं आणि वर रेटलं. एकदा सटकलं. मग कडी उचलली गेली.

पंप दिल्यावर सोनूचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिने बाबांना फोन लावून कडी पडल्याचं सांगितलं.

"उलथण्याने उघडलीस ना? आमची आजी तसंच करायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"पाट लाव म्हणून सांगितलं होतं. ते ऐकलंस?"

फोन ठेवून ती हुस्नबानूंना म्हणाली, "चाची, आता तुम्ही उघडून बघा."

त्यांनी उलथणं उचललं. हात खांद्याशीच अडला. "उजवा आखडलाय, डाव्यात एवढा जोर नाही. राहू दे."

"मग कडी काढून टाकू."

"आणि मांजर? ते दुधात तोंड घालेल तेव्हा तू येणार?"

पूर्णिमाने कडी वर करून सोनूच्या रुमालाने बांधली. बोळाच्या टोकापर्यंत गेल्यावर त्याची पाण्याची बाटली राहिल्याचं आठवलं. परत आली, तर रुमाल घडी घालून बाटलीशेजारी ठेवलेला.

ती येरवड्याच्या पुढे राहते, रोज जाणं होत नाही. फोन करते, पण चाचींचा फोनही बाहेरच्या खोलीत असतो. म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. कसब्यात गेलात तर त्या बोळात हुस्नबानूंचं घर विचारा. पुढचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. हाक मारा. "काय काम आहे?" म्हणून खेकसल्या तर खुशाल परत फिरा. काहीच बोलल्या नाहीत, तर आत जा आणि कडी वर करा.